ताम्रनाण्यांवरील राजचिन्हे

ताम्रनाण्यांवरील राजचिन्हे : तांबे आणि ब्राँझ, पितळ यांसारख्या त्याच्या मिश्रधातूंच्या नाण्यांवर राज्यकर्त्याचे अधिकारदर्शक म्हणून जे मुखवटे, आकृती, चिन्हे किंवा मुद्रालेख उमटविले जातात, त्यांस ही संज्ञा लावता येईल. सोन्यारुप्याची नाणी धातूच्या किमतीवर चालतात. म्हणून ती परमुलखातही स्वीकारली जातात. तांब्याच्या नाण्याची स्थिती वेगळी असते. त्यातील धातूची किंमत बहुधा त्याच्या चलनी मूल्यापेक्षा कमी असते आणि हा फरक राज्यकर्त्याच्या आज्ञेने व लोकांच्या विश्वासाने भरून निघतो. ही आज्ञा जेथवर चालते, तेथवरच ते नाणे मुख्यतः चालते. राज्याची सीमा ओलांडल्यावर ते केवळ धातूचा तुकडा ठरते. साहजिकच ताम्रनाण्यावरील राजचिन्ह परक्या सराफासाठी नसून घरच्या प्रजेसाठी असते. बाजारहाट, मजुरी, जकात, दानधर्म अशा दैनंदिन व्यवहारांतून ते ज्यांच्या हाती पडते, त्यांपैकी अनेकांनी आयुष्यात सोन्याचे नाणे हाताळलेले नसते. म्हणून राजसत्ता स्वतःविषयी सामान्य माणसास काय सांगू इच्छित होती, हे जाणण्याचे ताम्रनाणे हे एक विश्वसनीय साधन होय. या दृष्टीने रोमन साम्राज्याची ब्राँझ नाणी ही प्राचीन जगातील सर्वांत समृद्ध नाणेमाला आहे. महाराष्ट्रात याच प्रश्नाला मिळालेले निराळे उत्तर म्हणजे महाड तालुक्यातील रायगडाशी निगडित असलेली शिवराई होय.

रोमन ब्राँझ नाणी : रोमचे आरंभीचे चलन ब्राँझचे होते. प्रथम वजनावर चालणारे ओबडधोबड तुकडे, नंतर चिन्हांकित लगडी व इ. स. पू. तिसऱ्या शतकात ओतीव गोल नाणी, असा त्याचा विकास झाला. या ओतीव ‘ॲस’ नाण्यावर एका बाजूस द्विमुख जेनस देव व दुसऱ्या बाजूस जहाजाचा नाळेकडील भाग असे. प्रजासत्ताकाच्या काळात हयात व्यक्तीचा मुखवटा नाण्यावर घालणे रूढीस मान्य नव्हते. ही रूढी इ. स. पू. ४४ मध्ये जूलिअस सीझरचा मुखवटा रोमच्या नाण्यांवर आल्याने मोडली. त्याच वर्षी सीझरचा खून झाला. परंतु प्रथा मात्र टिकून राहिली.

ऑगस्टस (कार. इ. स. पू. २७–इ. स. १४) याने चलनव्यवस्थेची पुनर्रचना केली. तीनुसार सोन्याचा एक ऑरियस म्हणजे चांदीचे २५ डिनेरियस, एक डिनेरियस म्हणजे ४ सेस्टर्शियस, एक सेस्टर्शियस म्हणजे २ ड्यूपाँडियस किंवा ४ ॲस आणि एक ॲस म्हणजे ४ क्वाड्रन्स असे कोष्टक रूढ झाले. सेस्टर्शियस व ड्यूपाँडियस ही नाणी पिवळसर पितळेची, तर ॲस व क्वाड्रन्स तांब्याची असत. सेस्टर्शियसचे वजन सु. २५ ग्रॅ., तर ॲसचे सु. ११ ग्रॅ. असे. या हलक्या धातूंच्या नाण्यांवर ‘एस. सी.’ ही अक्षरे ठळकपणे उमटविलेली दिसतात. ‘सीनेटच्या ठरावानुसार’ असा त्यांचा अर्थ आहे. नाण्याची पुढील बाजू सम्राटाची व मागील बाजू जुन्या सभेच्या नावाची, अशी ही रचना होती. सर्व सत्ता एका हाती आली असताही जुनी संस्था शाबूत आहे, हे सांगण्याचा तो एक सौम्य मार्ग होता.

सम्राटप्रतिमेची भाषा ठरावीक खुणांची होती. डोक्यावरील लॉरेल पानांची माळ विजय दर्शवी. नीरोच्या काळापासून (कार. ५४–६८) ड्यूपाँडियसवर सूर्यकिरणांसारखा आऱ्यांचा मुकुट वापरला जाऊ लागला, त्यामुळे जवळजवळ सारख्याच आकाराच्या ॲसहून ते नाणे निराळे ओळखता येई. मुखवट्याभोवती सम्राटाचे नाव, पदव्या व अधिकारवर्षे संक्षिप्त रूपात कोरलेली असत. या अधिकारवर्षांमुळे पुष्कळदा नाण्याचे वर्ष निश्चित करता येते. मागील बाजूस मात्र विषयांची विविधता होती. नीरोच्या सेस्टर्शियसवर ऑस्टिया बंदराचे जहाजांनी गजबजलेले दृश्य आहे. त्याच्याच काही नाण्यांवर शांततेची खूण म्हणून दारे मिटलेले जेनसचे मंदिर दाखविले आहे. ज्यूडीयातील बंड मोडल्यावर व्हेस्पेझ्यनने (कार. ६९–७९) काढलेल्या नाण्यांवर ताडाच्या झाडाखाली बसलेली शोकमग्न स्त्री दिसते. टायटसच्या नाण्यावर प्रेक्षकांनी भरलेले कॉलॉसिअम आहे. ट्रेजनच्या (कार. ९८–११७) नाण्यांवर डेशियाचा विजय व इटलीतील बालकांच्या पोषणाची योजना हे दोन्ही विषय आढळतात. हेड्रिअनच्या (कार. ११७–१३८) नाण्यांवर साम्राज्याचे प्रांत स्त्रीरूपात अवतरतात व गुडघे टेकलेल्या प्रांतदेवतेस सम्राट हात देऊन उठवीत असल्याचे दाखविले जाते. धान्यपुरवठा, कर्जमाफी, सैन्याची निष्ठा, राजघराण्यातील विवाह व मृत्यू हे सारे विषय या तळहाताएवढ्याही नसलेल्या चकतीवर आले.

नाण्यावरील मुखवटा म्हणजे खुद्द सत्तेची उपस्थिती असे मानले जाई. त्यामुळे सत्ताभ्रष्टाची शिक्षा नाण्यालाही भोगावी लागे. टायबीरिअसचा विश्वासू अधिकारी सिजेनस इ. स. ३१ मध्ये देहान्ताची शिक्षा होऊन मारला गेला, तेव्हा स्पेनमधील बिल्बिलिस येथील नाण्यांवरून त्याचे नाव खरडून काढण्यात आले. कॅलिग्यूलाच्या वधानंतर सीनेटने त्याच्या मुखवट्याची ब्राँझ नाणी वितळविण्याचा आदेश दिला, असे इतिहासकार डायो कॅशस नमूद करतो. तत्त्वज्ञ एपिक्टीटसने आपल्या प्रवचनात माणसाच्या स्वभावाची पारख नाण्याच्या छापावरून करण्याचा दृष्टांत दिला आहे; ट्रेजनचा छाप असलेला सेस्टर्शियस घ्यावा व नीरोचा टाकावा, असा त्याचा आशय आहे. दृष्टांताला हे उदाहरण सुचावे, यावरून श्रोत्यांना नाण्यावरील चेहरे किती परिचित होते, हे ध्यानात येते.

तिसऱ्या शतकात चांदीच्या नाण्यांत तांब्याचे प्रमाण वाढत गेले व त्यापुढे खऱ्या ब्राँझ नाण्यांना अर्थ उरला नाही. सेस्टर्शियस २६० च्या सुमारास व्यवहारातून नाहीसा होऊ लागला. डायोक्लीशनने सु. २९४ मध्ये नवी ताम्रनाणी काढली. पण तीही लवकरच लहान व हलकी होत गेली. कॉन्स्टंटीनच्या वेळी मुखवट्यातील व्यक्तिविशेष पुसट होऊन सम्राटाचा एक ठरीव, मुकुटधारी चेहरा रूढ झाला. पहिल्या-दुसऱ्या शतकांत नाण्यावर माणूस दिसे. चौथ्या शतकात केवळ पद दिसू लागले.

सावित्रीचे खोरे व रोमन व्यापार : रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकास महाड व पोलादपूर हे तालुके सावित्री नदीच्या खोऱ्यात वसले आहेत. पूर्वेस सह्याद्रीची भिंत, तीतून देशावर जाणाऱ्या वरंध व आंबेनळी या घाटवाटा आणि पश्चिमेस बाणकोटच्या खाडीतून समुद्राकडे उघडणारा जलमार्ग, अशी या प्रदेशाची ठेवण आहे. पोलादपूरच्या दक्षिणेस कशेडी घाट ओलांडला की, सावित्रीचे खोरे संपून खेडकडील जगबुडीचे खोरे सुरू होते. भरतीच्या पाण्याबरोबर गलबते महाडपर्यंत येत. त्यामुळे घाटमाथा व समुद्र यांमधील देवघेवीचे ते एक जुने ठाणे होते. महाडजवळ सावित्री व गांधारी यांच्या संगमालगतची गांधारपाले येथील बौद्ध लेणी याच समृद्धीची साक्ष देतात. तेथील एका लेखात कानभोअ वेण्हुपालित या कुमाराने दिलेल्या दानाचा उल्लेख आहे. महाडजवळच्या कोल येथेही लेण्यांचा लहान समूह आहे.

पहिल्या शतकात एका अज्ञात ग्रीकभाषी लेखकाने लिहिलेल्या पेरिप्लसमध्ये कोकणकिनाऱ्यावरील बंदरांची नामावळी आली आहे. तीतील मंदगोर म्हणजे सावित्रीच्या मुखाशी असलेले बाणकोट, असे काही विद्वान मानतात. तर काहींच्या मते ते राजपुरी खाडीवरील मांदाड होय. या किनाऱ्याशी रोमन जगाचा संबंध होता याविषयी मात्र दुमत नाही. भडोच येथे सोन्याचांदीचे डिनेरियस आणून स्थानिक नाण्यांशी बदलल्यास लाभ होतो, असे पेरिप्लसचा कर्ता सांगतो. त्याच बंदरात उतरणाऱ्या मालात मद्य, पोवळे इत्यादींबरोबर तांबे, कथील व शिसे यांचीही तो गणना करतो. भारतात तांबे व शिसे नसून भारतीय लोक त्यांच्या मोबदल्यात रत्ने व मोती देतात, असे थोरल्या प्लिनीने म्हटले आहे. हे विधान शब्दशः खरे नसले, तरी या धातूंना येथे मागणी होती हे त्यावरून दिसते.

येथे एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. रोमचे सोने व चांदी नाण्यांच्या रूपाने भारतात आली. तांबे मात्र त्या काळात मुख्यतः धातू म्हणून आले, नाणे म्हणून नव्हे. ऑगस्टस किंवा ट्रेजनच्या सेस्टर्शियसला रोमच्या आज्ञेचे बळ होते. ते बळ पश्चिम किनाऱ्यावर पोहोचताच संपत होते. अपवाद उत्तरकालीन आहे. चौथ्या-पाचव्या शतकांतील लहान रोमन ताम्रनाणी तमिळनाडूत व श्रीलंकेत मोठ्या संख्येने सापडली असून ती तेथे सुट्या पैशांप्रमाणे वापरली गेली असावीत. त्यांची स्थानिक अनुकरणेही झाली. परंतु तोपर्यंत त्या नाण्यांवरील सम्राटाचे नाव वाचण्याचे कोणास कारण उरले नव्हते.

महाराष्ट्रात रोमन नाण्यांचे शोध तुलनेने अल्प आहेत. चांदीची रोमन नाणी वितळवून क्षत्रपांनी आपली नाणी पाडली असावीत, असे एक मत आहे. रोमन प्रतिमा मात्र येथवर पोहोचली होती. तेर व तेलंगणातील कोंडापूर यांसारख्या स्थळी रोमन नाण्यांच्या छापांच्या मातीच्या चकत्या मिळाल्या आहेत. काहींना अडकविण्यासाठी कडी किंवा भोक असल्याने त्या दागिन्याप्रमाणे वापरल्या जात असाव्यात. ज्या चेहऱ्याची रोममध्ये राजाज्ञा म्हणून जरब होती, तोच चेहरा दख्खनमध्ये गळ्यातील शोभेची वस्तू झाला. कोल्हापूरजवळील ब्रह्मपुरी येथे मिळालेली पोसायडन या समुद्रदेवाची ब्राँझमूर्ती हीदेखील याच संपर्काची खूण होय.

क्षत्रप व सातवाहन नाणी : दख्खनमध्ये राजाचा मुखवटा चांदीच्या नाण्यांवर प्रामुख्याने क्षहरात क्षत्रपांनी रूढ केला. नहपानाच्या नाण्यांवर पुढील बाजूस त्याचा उजवीकडे पाहणारा मुखवटा व भोवती ग्रीक अक्षरांतील अशुद्ध लेख, तर मागील बाजूस बाण व वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लिपींतील नाव आढळते. ग्रीक, शक व भारतीय परंपरांचे हे मिश्रण असून त्यात रोमन नमुन्याचा वाटा किती, याविषयी एकमत नाही.

या नाण्यांचा सर्वांत प्रसिद्ध साठा नासिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये सापडला. त्यात नहपानाची सु. १३,२५० नाणी होती व त्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारला होता. एका बाजूस तीन कमानींचा डोंगर व त्याखाली नागमोडी रेषा, तर दुसऱ्या बाजूस तथाकथित उज्जैन चिन्ह, असा हा छाप आहे. नासिकच्या लेण्यातील गौतमी बलश्रीच्या लेखात तिच्या या पुत्राने खखरातांचे, म्हणजे क्षहरातांचे, निर्मूलन केल्याचे म्हटले आहे. लेखातील हे विधान नाण्यांनी प्रत्यक्ष सिद्ध केले. बिल्बिलिसच्या नाण्यावर नाव खरडले गेले. जोगळटेंभीच्या नाण्यांवर पराभूताच्या चेहऱ्यावर विजेत्याचे चिन्ह बसले. या दुसऱ्या प्रकारात नाणे वाया गेले नाही आणि विजयाची वार्ता त्याच नाण्याबरोबर बाजारात फिरली. अनेक नाण्यांवर नव्या छापाखालून जुना मुखवटा अंशतः दिसतो.

गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र पुळुमावी व यज्ञ सातकर्णी यांनी पुढे स्वतःच्या मुखवट्याची चांदीची नाणी काढली. यज्ञ सातकर्णीचे असे एक नाणे सोपारा येथील स्तूपाच्या उत्खननात १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना मिळाले. परंतु सातवाहनांचे नित्य व्यवहाराचे चलन शिसे, पोटिन व तांबे यांचे होते आणि त्यावर बहुधा मुखवटा नाही. हत्ती, सिंह, डोंगर, वृक्ष, उज्जैन चिन्ह अशा खुणा व भोवती ब्राह्मीत राजाचे नाव, असे त्यांचे स्वरूप आहे. नावापूर्वी पुष्कळदा मातृनाम येते. चांदीवर चेहरा व हलक्या धातूवर चिन्ह, ही विभागणी रोमच्या अगदी उलट आहे. रोममध्ये सर्वांत मोठा व स्पष्ट मुखवटा सेस्टर्शियसवर, म्हणजे पितळेवर, असे. दख्खनमध्ये चेहरा ही क्षत्रपांच्या प्रदेशात चाललेल्या चांदीच्या नाण्यांची गरज होती. घरच्या नाण्याला पूर्वपरिचित चिन्ह पुरेसे होते.

शिवराई : यानंतर सु. पंधरा शतकांनी सावित्रीच्या खोऱ्यातच एका ताम्रनाण्याने सार्वभौमत्वाची घोषणा केली. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६५६ मध्ये चंद्रराव मोऱ्यांकडून जावळी घेतली व त्या पाठोपाठ रायरीचा किल्ला त्यांच्या ताब्यात आला. तोच पुढे रायगड या नावाने राजधानी झाला. तेथे ६ जून १६७४ रोजी (ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६) त्यांचा राज्याभिषेक झाला. मध्ययुगीन राजकीय संकेतांनुसार स्वतःच्या नावाचा सिक्का चालविणे हे स्वतंत्र राजाचे प्रमुख लक्षण मानले जाई. त्यानुसार सोन्याचा होन व तांब्याची शिवराई ही नाणी निघाली. रायगड हे त्यांच्या टांकसाळीचे स्थान मानले जाते. सोन्याचे होन आज अत्यंत दुर्मिळ आहेत. शिवराया मात्र विपुल उपलब्ध आहेत.

शिवराईचे स्वरूप अत्यंत साधे आहे. पुढील बाजूस बिंदूंच्या वर्तुळात तीन ओळींत ‘श्री/राजा/शिव’ व मागील बाजूस दोन ओळींत ‘छत्र/पति’ अशी देवनागरी अक्षरे असतात. पूर्ण शिवराईचे वजन सर्वसाधारणपणे ११ ते १३ ग्रॅ. भरते. ऑगस्टसचा ॲसही याच वजनाच्या जवळपास होता. हातात मावणारे, मोजण्यास सोपे व झिजण्यास पुरेसे जाड असे ताम्रनाणे दोन दूरच्या समाजांत स्वतंत्रपणे एकाच वजनाशी येऊन ठेपले. अर्धी शिवराईही प्रचारात होती. तांब्याचे तुकडे हातोडा व ठसा यांनी ठोकून नाणी तयार करीत. ठसा पुष्कळदा तुकड्यापेक्षा मोठा असे. त्यामुळे एकाच नाण्यावर सर्व अक्षरे पूर्ण उमटलेली क्वचितच आढळतात. ‘शिव’, ‘शीव’, ‘सिव’ तसेच ‘छत्रपति’, ‘छत्रपती’ अशी लेखनभिन्नताही दिसते. वेगवेगळ्या काळी व वेगवेगळ्या हातांनी ठसे कोरले गेले, हे त्याचे कारण होय.

या नाण्यावर मुखवटा नाही, देवतेची मूर्ती नाही आणि वर्षही नाही. त्यामागील परंपरा दुहेरी आहे. दख्खनच्या सुलतानांच्या व मोगलांच्या नाण्यांवर राजाचे नाव व बिरुदे सामान्यतः फार्सी-अरबी लिपीत असत. प्रतिमा टाळली जाई. नाव हेच राजचिन्ह, ही कल्पना त्यामुळे लोकांच्या अंगवळणी पडलेली होती. दुसरीकडे विजयानगरच्या राजांनी आपल्या होनांवर नागरी लिपीत नावे घातली होती. शिवराईने पहिल्या परंपरेतून केवळ नाव घालण्याची पद्धत व दुसरीतून लिपी घेतली, असे म्हणता येईल. मात्र विजयानगरच्या होनांवरील देवताही तिने वगळली. राज्यव्यवहारकोशाच्या द्वारे फार्सी शब्दांऐवजी संस्कृत प्रतिशब्द रूढ करण्याचा जो प्रयत्न झाला, त्याच धोरणाशी नाण्यावरील लिपीची निवड सुसंगत आहे. ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांनाही अक्षरांचे वळण निराळे दिसे. ते आदिलशाही किंवा मोगल नाणे नव्हे, हे दृष्टिक्षेपातच कळे.

‘छत्रपति’ हा शब्दही येथे केवळ पदवी नाही. छत्र हे राज्याभिषेकाचे प्रमुख चिन्ह आहे. रोमन नाण्यावर लॉरेलची माळ जे कार्य करी, ते कार्य शिवराईवर या शब्दाने केले. रोमन शिल्पकाराने चित्रातून जे दाखविले, ते मराठी टांकसाळीने शब्दातून सांगितले. होनावर व शिवराईवर एकच लेख आहे, हीदेखील ध्यानात घेण्याजोगी बाब आहे. चांदीवर राजाचा चेहरा व हलक्या धातूवर केवळ खूण, असा सातवाहनकालीन भेद येथे नाही. खजिन्यातील सोन्यावर जी घोषणा, तीच आठवड्याच्या बाजारातील तांब्यावर.

राज्याभिषेकप्रसंगी ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर उपस्थित होता. कंपनीने मुंबईत १६७२ मध्ये टांकसाळ सुरू केली होती व तेथील नाणे शिवाजी महाराजांच्या राज्यात चालावे, अशी तिची मागणी होती. नाण्याच्या वापरावर बंधन घालण्याचे कारण नाही. परंतु ज्यात तोटा आहे असे नाणे घेण्याची सक्ती प्रजेवर करता येणार नाही, वजन व कस इतरांच्या नाण्यांइतका असेल तर ते आपोआप चालेल, अशा आशयाचे उत्तर तिला मिळाले. परक्याचे नाणे धातूच्या मोलाने चालते व आपले नाणे आपल्या नावाने, हा भेद त्यात स्पष्ट आहे. योगायोग असा की, १६७२ मध्येच इंग्लंडमध्ये दुसऱ्या चार्ल्सच्या ताम्रनाण्यांवर ब्रिटानियाची आकृती आली. ती दुसऱ्या शतकातील रोमन ब्राँझ नाण्यांवरील, विशेषतः अँटोनायनस पायसच्या काळातील, ब्रिटानियावरून घेतलेली होती. रोमन परंपरेचा वारसा सांगणारे नाणे व केवळ अक्षरांचे नाणे ही दोन वर्षांच्या अंतराने पुढे आली.

उत्तरकाल : शिवाजी महाराजांच्या निधनानंतर (१६८०) छत्रपती संभाजी, शाहू इत्यादींच्या नावांची ताम्रनाणी निघाली, परंतु शिवाजी महाराजांच्या नावाची शिवराई बंद पडली नाही. वर्ष नसल्यामुळे कोणते नाणे रायगडचे व कोणते नंतरचे, हे ठरविणे कठीण जाते. अक्षरांचे वळण, वजन व बिंदूंची ठेवण यांवरून अभ्यासक गट पाडतात. पेशवेकाळात निरनिराळ्या टांकसाळींत शिवराया पडू लागल्या व त्यांवरील अक्षरे बिघडत गेली. दोन समांतर रेषा असलेल्या नाण्यास ‘दुदांडी शिवराई’ म्हणतात. मृत संस्थापकाच्या नावाने नाणे चालू ठेवण्याची प्रथा रोममध्येही आढळते. टायबीरिअसने आऱ्यांचा मुकुट घातलेल्या दिवंगत ऑगस्टसच्या मुखवट्याचे ॲस पाडले होते. तेथे मात्र ही दैवतीकरणाची अधिकृत कृती होती. येथे नाव हेच नाण्याच्या जातीचे नाव झाले व शिवराई हा शब्द तांब्याच्या पैशाला पर्याय बनला. रुपयास किती शिवराया, हा भाव स्थळ व काळ यांनुसार बदले व सराफ बट्टा घेऊन नाणी बदलून देत.

मराठी सत्ता १८१८ मध्ये संपल्यावरही शिवराई लगेच नाहीशी झाली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत ती दख्खनच्या बाजारांत चालत होती. ज्या आज्ञेवर ती उभी होती ती आज्ञा गेली, तरी लोकांचा विश्वास काही काळ टिकला. कंपनीने १८३५ मध्ये एकसारखे चलन सुरू केले. तिच्या ताम्रनाण्यांवर कंपनीचे मानचिन्ह असे. पुढे १८६२ च्या पाव आण्यावर राणी व्हिक्टोरियाचा मुकुटधारी मुखवटा आला आणि भोवती नाव व पदवी असलेला राजाचा चेहरा ही मूळ रोमन रचना कोकणातील सामान्य माणसाच्या हाती तांब्यावर पडली. सेस्टर्शियसला जे पहिल्या शतकात साधले नव्हते, ते नव्या साम्राज्याच्या पाव आण्याने साधले. कारण आता आज्ञा येथेच चालत होती. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये राजाचा मुखवटा जाऊन अशोकस्तंभाचे सिंहशीर्ष नाण्यांवर आले व राजव्यक्तीऐवजी पुन्हा चिन्हाची स्थापना झाली. शिवाजी महाराजांचा चेहरा नाण्यावर येण्यास १९९९ हे वर्ष उजाडावे लागले. भारत सरकारच्या त्या वर्षीच्या दोन रुपयांच्या स्मारक नाण्यावर तो आहे. त्यांनी स्वतः पाडलेल्या नाण्यावर मात्र केवळ त्यांचे नाव होते.

जतन व अभ्यास : ताम्रनाण्यांचा अभ्यास सोन्यारुप्याच्या नाण्यांच्या मानाने मागे राहिला. किंमत कमी असल्याने ती जपली गेली नाहीत. पुष्कळशी वितळवून त्यांची भांडी झाली, तर काही घरोघरच्या देव्हाऱ्यांत टाकांबरोबर राहिली. घासूनपुसून चकचकीत केल्याने अक्षरांच्या कडा झिजतात व वर्गीकरणाचा आधारच नष्ट होतो. याहून मोठी हानी प्राप्तिस्थानाची नोंद नसल्याने होते. महाडच्या बाजारात, पोलादपूरच्या एखाद्या शेतात किंवा कशेडीसारख्या घाटवाटेवर मिळालेली शिवराई ही ते नाणे कोठवर चालत होते याचा पुरावा असते. तीच प्राप्तिस्थानाविना विकली गेली की, केवळ एक जुना पैसा उरतो. ताम्रनाण्याचा सारा अर्थ ते कोठे चालले यातच असल्याने, ही हानी सोन्याच्या नाण्याच्या बाबतीत होणाऱ्या हानीहून अधिक गंभीर आहे. नकली शिवरायांची विक्री वाढल्याने निश्चित स्थळी मिळालेल्या नाण्यांचे महत्त्व आणखी वाढले आहे.

जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडल्यास त्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यास देणे १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावशेषविषयक अधिनियमाखाली पुरावस्तू ठरतात व खाजगी व्यक्तीस ती देशाबाहेर नेता येत नाहीत. रोमन ब्राँझ नाण्यांचा इतिहास एवढ्या तपशिलाने लिहिता आला, तो मुख्यतः कोणते नाणे कोठे व कशासोबत मिळाले याच्या दीर्घकाळ ठेवलेल्या नोंदींमुळे. शिवराईच्या बाबतीत असे नकाशे तयार झाल्यास स्वराज्याची आज्ञा प्रत्यक्ष बाजारपेठेत कोठवर पोहोचली होती, हे कागदपत्रांच्या पलीकडे जाऊन सांगता येईल.